नाशिकरोड ते वाराणसी स्लीपरने: दोन खालचे बर्थ कसे मिळवायचे?

पंचवटीकर:
वडील 67, आई 61. महानगरी एक्स्प्रेसने वाराणसीला जायचंय, स्लीपरनेच. एसीचा गारठा आईला सोसत नाही. वडिलांचे गुडघे दुखतात, म्हणून दोघांनाही खालचेच बर्थ हवेत. धाकटा भाऊ सोबत आहे. तिघांचं तिकीट एकत्र काढू ना? आणि गाडी पहाटे येते, तर तारीख कोणती टाकायची?

उपनगरवाला:
एकत्र मुळीच काढू नका. खालच्या बर्थचा ज्येष्ठ कोटा (पुरुष 60, स्त्री 45 पासून पुढे) एका तिकिटावर एक किंवा दोनच जण असतील तर लागतो. तिसरं नाव घातलं की कोटा गेला. आई-वडिलांचं वेगळं काढा, कोट्यात ‘सीनियर सिटिझन’ निवडा. भावाचं जनरल कोट्यातून. डबा वेगळा आला तरी चालेल, अदलाबदल गाडीत होते.

तारखेचं म्हणाल तर महानगरी मुंबईच्या सीएसएमटीहून रात्री बारानंतर सुटते आणि त्याच पहाटे नाशिकरोडला येते. शनिवारी रात्री जेवून घरातून निघणार असाल तर तिकीट रविवारचं. इथे चुकलात तर गाडी आदल्या दिवशीच गेलेली असते.

मुंबईहून रात्री नऊ-दहाला सुटणाऱ्या गाड्यांचं मात्र निराळं. तिकिटावर नाशिकची तारीख येते, पण 60 दिवसांचं आरक्षण आणि तत्काळ मुंबईच्या तारखेवरून मोजतात. रविवारी रात्री साडेबाराला, म्हणजे शनिवार उलटल्यावर, चढायचं असेल तर स्लीपरचं तत्काळ शुक्रवारी सकाळी 11 ला उघडतं. शनिवारी बुकिंगला बसलात तर उरलंसुरलं. तसंही तत्काळात ज्येष्ठ कोटा नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

भुसावळ लाइन:
जागा नसेल तर वेटिंगचा प्रकार बघा. नाशिकरोडहून पीक्यूडब्ल्यूएल (मधल्या स्थानकांची सामाईक वेटिंग) आणि सीएसएमटीहून जीएनडब्ल्यूएल (सर्वसाधारण वेटिंग) दाखवत असेल तर सीएसएमटीहून काढा, बुकिंग करतानाच बोर्डिंग, म्हणजे चढायचं स्थानक, नाशिकरोड ठेवा. जीएनडब्ल्यूएल जास्त कन्फर्म होते. भाडं मुंबईपासूनचं पडेल, फरक परत मिळत नाही. बोर्डिंग न बदलता नाशिकला चढायला गेलात तर टीसी ‘आले नाहीत’ म्हणून बर्थ आरएसीवाल्याला (अर्ध्या बर्थवर बसलेल्याला) देऊन मोकळा. चार्टनंतरही (शेवटची यादी लागल्यावरही) सगळी नावं वेटिंगमध्येच राहिली तर ई-तिकीट आपोआप रद्द होतं; ते घेऊन डब्यात चढू नका.

पंचवटीकर:
बर्थ नंबरवरून खालचा कसा ओळखायचा? आणि भावाला साइड लोअर आला तर?

उपनगरवाला:
आठने भागा. बाकी 1 किंवा 4 उरली तर खालचा, 2-5 मधला, 3-6 वरचा, 7 साइड लोअर, शून्य साइड अप्पर. जुन्या डब्यात 72 बर्थ, नव्या एलएचबी डब्यात 80. पहिले आठ आणि शेवटचे आठ संडासाजवळ. वास आणि दाराची आदळआपट रात्रभर.

साइड लोअरला दोन्ही पाठी खाली पाडून बर्थ होतो, मधली फट कमरेखाली येते. घडी घातलेली चादर तिथे भरायची. स्लीपरमध्ये अंथरूण-पांघरूण मिळत नाही. डिसेंबरात खिडकीच्या फटीतून वारा येतो, घोंगडी न्याच. मधला बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 उघडा राहतो, तेवढा वेळ खालच्याला ताठ बसता येत नाही. बर्थ उघडल्यावर दोन्हीकडच्या साखळ्या नीट अडकल्यात का ते हाताने ओढून बघा, मगच कोणाला चढू द्या.

भुसावळ लाइन:
चार्जिंग रात्री 11 ते 5 बंद असू शकतं, मोबाइल घरूनच भरून न्या. बॅगेची साखळी खालच्या बर्थखालच्या कडीत अडकवा. पहाटे शहरातून नाशिकरोडला सिटी बस मिळायची नाही, रिक्षा आदल्या संध्याकाळीच ठरवा.