सिंहगड रोडजवळची मनपा शाळा : पहिलीला घालावं का? नेमकं काय बघायचं?

हिंगणे_खुर्द :

मुलगी येत्या नोव्हेंबरात सहा पूर्ण करते, म्हणजे यंदा पहिलीत बसते. घरापासून चालत सात मिनिटांवर महापालिकेची शाळा आहे. मराठी माध्यम, आणि गेटवरच्या फ्लेक्सवर 'सेमी इंग्रजी' असंही लिहिलंय. दुसरा पर्याय विनाअनुदानित इंग्रजी शाळेचा, स्कूलबसने पाऊण तास.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर दोनच मतं आली. 'तिथे कोण घालतं हो?' आणि 'आता मनपाच्या शाळा एकदम भारी झाल्यात.' मत देणाऱ्यांपैकी एकाचंही मूल तिथे शिकत नाही. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच घसरेल. ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी सांगा : कुणाला काय विचारायचं आणि कशावरून ठरवायचं?

---

खडू_फळा :

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. त्या इमारतीत शाळा किती भरतात? मनपाच्या बऱ्याच इमारतींमध्ये दोन शाळा असतात, एक सकाळची आणि एक दुपारची. दोघींचे क्रमांक वेगळे, मुख्याध्यापक वेगळे, शिक्षक वेगळे. लोक बाहेरून इमारत बघतात आणि 'ती शाळा' म्हणून मत देतात. एकीचं नाव दुसरीला चिकटतं, चांगलंही आणि वाईटही. त्यामुळे क्रमांक आणि वेळ घेतल्याशिवाय कुणाचंच मत ऐकू नका. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आहे, पण दोन शाळांची इमारत असेल तर प्रत्यक्ष वेळ विचारूनच घ्या.

मग यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मागा. तो अकरा आकडी असतो, पुणे जिल्ह्याचा २७२५ ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या साइटवर 'नो युवर स्कूल' मध्ये टाकला की इयत्तावार पट, शिक्षकसंख्या, स्वच्छतागृहं, वर्गखोल्या सगळं दिसतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा : माहिती शाळेनेच भरलेली असते, आणि ती मागच्या वर्षाची असते. स्वच्छतागृहाच्या रकान्यात 'चालू' असेल तर दाराला कुलूप नसेलच असं नाही. पण पटाचे आकडे बऱ्यापैकी भरवशाचे, कारण त्यांच्यावर शिक्षकांची पदं ठरतात.

पट का बघायचा, तर हे गणित बघा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. म्हणजे पाच इयत्तांचा मिळून पट ८० असेल तर शिक्षक तीन आणि वर्ग पाच. मग जोडवर्ग होतो : पहिली-दुसरी एका खोलीत, एकच बाई. एका गटाला फळ्यावर शिकवायचं तोवर दुसऱ्या गटाला उतारा लिहायला द्यायचा. हात बसलेल्या बाई असतील तर पहिलीचं मूल दुसरीचं ऐकून पुढे जातं. नसतील तर वर्षभर नुसतं गिरवणं चालतं. माझ्या मते पट कमी असणं हाच मनपा शाळेचा खरा धोका. 'मुलं गरिबांची असतात' वगैरे जे ग्रुपवर चालतं, त्याचा शिकण्याशी काडीचा संबंध नाही.

दुसरं, संचमान्यता. ३० सप्टेंबरच्या पटावर पुढची पदं ठरतात. पट घसरलेला असला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या शाळेत जातो, कधी कधी वर्षाच्या मध्येच. 'मंजूर पदं किती, भरलेली किती' हे मुख्याध्यापकांना सरळ विचारा. उत्तर लगेच आलं तर कारभार ठीक. 'बघून सांगतो' म्हणाले तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांकडून काढा.

---

सातवी_पास_पालक :

थोडा विरुद्ध बोलतो. मनपा विरुद्ध इंग्रजी शाळा अशीच निवड का करताय? मधली अनुदानित मराठी शाळा विसरलात. पुण्यात जुन्या संस्थांच्या अनुदानित शाळा पुष्कळ आहेत. तिथे पहिली ते दहावी एका आवारात होते, शिक्षकांचा पगार सरकार देतं. मनपाच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपतात. मग तेराव्या वर्षी पुन्हा प्रवेशाची धावपळ, नवीन शाळा, नवीन मुलं, आणि पुढे दोन-तीन वर्षांत दहावी. आजच विचारा की इथली मुलं सातवीनंतर कुठे जातात. शाळेला माहीत असतं. माहीत नसेल तर तेही उत्तरच समजा.

आणि उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत असेल किंवा वंचित घटकात बसत असाल तर आरटीईच्या २५ टक्क्यांचा (खासगी शाळांतल्या राखीव जागांचा) अर्ज भरा. १ किलोमीटरवर सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळेला सूट, हा फेब्रुवारी २०२४ चा बदल उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. तरी अजून लोक सांगत फिरतात की मनपा शाळा जवळ असल्याने तुम्हाला मिळणार नाही.

---

वहीचं_शेवटचं_पान :

फ्लेक्सवरच्या 'सेमी'वर थोडं.

खालच्या वर्गांत सेमी म्हणजे मुख्यतः गणित इंग्रजीतून, वर गेल्यावर विज्ञानही. बाकी मराठीतून. कागदावर मस्त. प्रत्यक्षात बाई 'हातचा घ्या, आता टेन्स प्लेसला लिहा' असं मिसळून शिकवतात. त्यात काही बिघडत नाही, समजायला उलट बरं. बिघडतं ते शाब्दिक उदाहरणात. मुलाला बेरीज येते, पण उदाहरणाची तीन ओळींची इंग्रजी वाचताच येत नाही. मग ते दोन आकडे बघतं आणि मनाला येईल ते करतं, बहुधा बेरीज. घरी मार्क बघून म्हणतात, गणित कच्चं आहे.

म्हणून शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभे राहा आणि तिसरीच्या दोन-तीन मुलांच्या आयांना गणिताची वही दाखवायची विनंती करा. तीन गोष्टी बघा. शाब्दिक उदाहरणं आहेत का, की पानंच्या पानं नुसत्या उभ्या मांडणीच्या बेरजा-वजाबाक्या? चुकलेल्या उदाहरणापुढे नुसती लाल फुली आहे, की शेजारी दुरुस्ती करून घेतलीय? आणि सगळ्या वह्यांमध्ये तंतोतंत तेच उत्तर, तेच शब्द असतील तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे, मुलाने सोडवलेलं नाही.

वाचनाचं माप निपुण भारतचं घ्या, ते पायाभूत वाचन-गणिताचं सरकारचंच अभियान आहे : पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं आणि ९९ पर्यंत संख्या, दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून आणि ९९९ पर्यंत संख्या. दुसरीतल्या पाच मुलांना अनोळखी उतारा द्या. बालभारतीच्या पुस्तकातला देऊ नका, तो पाठ असतो. मोबाइलवर मिनिट लावा. पाचांपैकी तिघांना जमलं तर शाळा काम करतेय. हे माप इंग्रजी शाळेलाही लावून बघा, मजा येईल.

---

मोठी_सुट्टी :

बघायला जायची वेळ महत्त्वाची. ऑफिसात गोड बोलणं होतं, त्यातून काही कळत नाही. मोठी सुट्टी संपल्यावर पाच-दहा मिनिटांनी जा आणि मुलींचं स्वच्छतागृह बघा (बरोबर आई किंवा मावशी असू द्या). नळाला पाणी आहे का, कडी आतून लागते का, बादली-मग आहे का. सकाळी सगळंच धुतलेलं असतं. पहिलीतल्या मुली कडी लागत नाही म्हणून दिवसभर जात नाहीत, पाणी पीत नाहीत आणि घरी पोटदुखीची तक्रार येते.

जेवण : पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. शहरात बरंचसं जेवण मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येतं. लवकर शिजवून डब्यात भरलेला भात वाटायच्या वेळेपर्यंत गोळा होतो, आणि पातळ आमटीत डाळ तळाशी बसते. वाढणाऱ्याने पळी तळापासून ढवळली नाही तर पहिल्या रांगेला पाणी, शेवटच्या रांगेला डाळ. वाढताना पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. वाटण्याआधी चव घेऊन नोंद करायची वही असते, ती मागा. महिनाभर रोज 'चव चांगली' आणि एकाच पेनाने सह्या असतील तर समजून जा.

---

हिंगणे_खुर्द :

सगळ्यांचे आभार. शाळा दुपारचीही आहे हे माहीतच नव्हतं! पट काढला : सकाळच्या शाळेत पहिली ते पाचवी मिळून १७०, म्हणजे वरच्या हिशोबाने पाच शिक्षक आणि वर्गही पाच. वह्या अजून बघायच्यात. प्रवेश घ्यायचा झाला तर कागदपत्रं काय, आणि कुठे गोंधळ होतो?

---

दाखला_खिडकी :

जन्मदाखला, मुलीचं आणि पालकांचं आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, असेल तर जातीचा दाखला. मूल ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण करणारं हवं, तुमचं बसतंय. चाचणी, मुलाखत, देणगी काही नाही, कायद्यानेच बंदी आहे. वयाचा पुरावा अपुरा म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही, त्यामुळे आधारसाठी अडवून ठेवलं तर तसं लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी म्हटलं की काम होतं.

खरा गोंधळ जनरल रजिस्टरमध्ये (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) होतो आणि तो दहा वर्षांनी कळतो. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात. ही एक ओळ पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जशीच्या तशी उतरते, आणि जात पडताळणीला तो दाखलाच बघतात. प्रवेशाच्या दिवशी गर्दी असते, लिहिणारा फॉर्मवरून भराभर उतरवतो. 'जन्मस्थळ' च्या रकान्यात सरसकट 'पुणे' पडतं, मूल भलेही सातारला मामाकडे जन्मलेलं असो. जातीच्या रकान्यात कधी नुसता धर्म लिहिला जातो, पोटजात गळते. तिथेच उभं राहून ओळ वाचून घ्या. मूल शाळेत आहे तोवर पुराव्यासह अर्ज देऊन, शिक्षण विभागाच्या मंजुरीने दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर फार जड जातं.

ऑनलाइन नोंदीतलं नाव आधारवरच्या स्पेलिंगशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. 'आराध्या' च्या इंग्रजी स्पेलिंगात एक ए जास्त झाला तरी पडताळणी अडते, आणि पडताळणी न झालेलं मूल संचमान्यतेत धरायला अडचण येते, म्हणजे नुकसान सगळ्या वर्गाचं. साहित्याचे पैसे खात्यावर येणार असतील तर ते खातं आधारशी सीड (जोडलेलं) आहे का हे बँकेत विचारा. केवायसी झालं म्हणजे सीडिंग झालं असं नाही, इथेच निम्मे पालक अडकतात.

गणवेशाचं म्हणाल तर २०२४-२५ ला राज्याने एकाच ठिकाणाहून पुरवायचा घाट घातला, उशीर आणि मापांचा घोळ झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. तरी जूनमध्ये पहिल्या आठवड्यात मिळेल असं धरून चालू नका, साधे कपडे चालतात.

---

खडू_फळा :

१७० चा पट असेल तर शिक्षक पाच, पण स्वतंत्र मुख्याध्यापकाचं पदही १५० च्या वर मिळतं. ते भरलंय का बघा. नसेल तर पाचातल्याच एका शिक्षकाकडे प्रभार असतो आणि त्याच्या वर्गाचे दिवसातले दोन तास ऑनलाइन माहिती भरण्यात जातात. तो वर्ग पहिलीचा नसावा एवढं तरी विचारून घ्या.

निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण या तीन कामांना शिक्षकांना कायद्यानेच जुंपता येतं, त्यावर शाळेशी भांडून उपयोग नाही. त्या दिवसांत वर्ग कोण घेतो, एवढंच विचारा. सुट्टी देऊन मोकळी होणारी शाळा वेगळी, दोन वर्ग एकत्र करून गोष्टीची पुस्तकं वाटणारी वेगळी.

समितीत शिरा. बारा ते सोळा सदस्य, पाऊण हिस्सा पालकांचा, निम्म्या महिला, मुख्याध्यापक सचिव, महिन्याला बैठक. बऱ्याच ठिकाणी बैठक होत नाही, वही घरोघरी फिरते आणि सह्या होतात. दोन पालकांनी 'वाचल्याशिवाय सही नाही' म्हटलं तरी नळ, कडी, पाण्याची टाकी ही कामं हलायला लागतात. छत गळणं, मैदानात साठलेलं पाणी ही कामं समितीच्या ठरावाने मनपाकडे मार्चच्या आत गेली पाहिजेत. जूनमध्ये अर्ज दिला तर पुढच्या पावसाळ्यातच काय ते.

---

सातवी_पास_पालक :

पट चांगला आहे, तेव्हा माझा विरोध अर्धा मागे. एकच व्यवहाराची गोष्ट : नाही जमलं तर मधूनही दाखला मिळतो, आणि दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली घेण्याचा मुलाला हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून ती शाळा प्रवेश थांबवू शकत नाही. विनाअनुदानित शाळेत मात्र हा हक्क चालत नाही, तिथे जागा असेल तर आणि सांगतील ती फी भरून. म्हणजे आधी मनपात घालून मग अनुदानितमध्ये जाणं सोपं, आणि 'दुसरीपासून इंग्रजी शाळेत टाकू' हा बेत असेल तर तो आत्ताच ठरवा.