'एपीआय आले, ईडीआय मेलं' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

गोदामवाला: काल इथे एकाने ठोकून दिलं की ईडीआय (कंपन्यांच्या संगणकांनी ऑर्डरी-बिलं ठरावीक मांडणीच्या फायलींतून एकमेकांना पाठवणं) वापरणारे सगळे आळशी, या फायलींची मांडणी ठरवणाऱ्या १९७९ सालच्या एक्स१२ समितीचं ओझं अजून वाहताहेत. पुरवठादाराने एपीआय म्हणजे वेब सर्व्हिस उघडावी, ग्राहकाच्या संगणकाने तिला थेट कॉल करावा, विषय संपला. दोन ओळींत सोडून देणार होतो, पण डोकं फिरलंय.

एका पुरवठादाराशी एपीआय जोडणं सोपंच आहे हो. शेकडो असले की काय? प्रत्येकाची जेसनची (एपीआयवर माहिती ज्या मजकुरात जाते त्याची) रचना निराळी, टोकन (आत शिरायची किल्ली) निराळं, एकाची तारीख दिवस-महिना तर दुसऱ्याची महिना-दिवस. वर वर्षाकाठी कुणीतरी व्हर्जन बदलतो आणि जुनं बंद करतो. आमच्याकडे ८५० (ऑर्डर) जाते, ९९७ (फाईलची पोच) येते, मग ८५६ (माल निघाल्याची सूचना), मग ८१० (बिल). कंटाळवाणं आहे, पण चालतं. २००० साली यूडीडीआय (वेब सर्व्हिसेसची नोंदवही) आणलं तेव्हाही हीच स्वप्नं होती, की संगणक नोंदवहीत बघून आपला पुरवठादार आपणच शोधेल. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी यांनी ती सार्वजनिक नोंदवही २००६ मध्ये गुंडाळली.

टोकनवाली: ९९७ चं कौतुक पुरे. फाईलची मांडणी बरोबर होती एवढंच ती सांगते. माल मिळणार की नाही हे ८५५ मध्ये, म्हणजे ऑर्डरीच्या उत्तरात, कळतं, आणि ती निम्मे पुरवठादार पाठवतच नाहीत. तुमची ऑर्डरींची बॅच रात्री निघणार, तोवर साठा दुसऱ्याने उचललेला. आणि व्हॅनवाले (ईडीआय फायली पोचवणारे मध्यस्थ नेटवर्क) किलोकॅरेक्टरवर, म्हणजे हजार अक्षरांमागे, बिल लावतात, त्यावर चकार शब्द नाही!

गोदामवाला: व्हॅन कशाला? एएस२ (फायली इंटरनेटवरून थेट पाठवायची पद्धत) वापरा, ते वेबच्या एचटीटीपीवरच चालतं, पोच म्हणून एमडीएनही येते. आणि तुमच्या एपीआयला टाइमआउट आला की रिट्राय होतो, पलीकडे दोन ऑर्डरी पडतात, त्याचं काय?

टोकनवाली: आयडेम्पोटन्सी की (तीच ऑर्डर पुन्हा आली हे ओळखायची खूण) नावाची गोष्ट असते. ज्यांनी लावली नाही त्यांचं पाप एपीआयच्या माथी कशाला? आणि एएस२ चं सर्टिफिकेट सुट्टीच्या आदल्या रात्री संपतं तेव्हा फोन कुणाला येतो ते मला विचारा.

मॅपिंगग्रस्त: दोघांचंही चालू द्या. आमच्या ८५० मध्ये 'पीओ१\*१\*२४\*ईए' अशी ओळ गेली. ईए म्हणजे नग, म्हणून २४ नग. पुरवठादाराच्या मॅपिंगने (फाईलमधले रकाने आपल्या प्रणालीत बसवणाऱ्या जुळणीने) एकक वाचलंच नाही, खोका धरून चालले. डॉकवर २४ खोके उतरले, प्रत्येकात १२ नग. ९९७ स्वीकृत, डॅशबोर्ड हिरवागार. जेसन असतं तरी हेच झालं असतं.

जुना_खातेदार: जीटीआयएन (वस्तूचा जागतिक क्रमांक) का नाही वापरला? नगाला वेगळा, खोक्याला वेगळा, हा तो क्रमांक देणाऱ्या जीएस१ संस्थेचा साधा नियम आहे. ओळीत नगाचा जीटीआयएन असता तर गोंधळच झाला नसता.

मॅपिंगग्रस्त: साहेब, होता. त्यांच्या आयटम मास्टरमध्ये (वस्तूंच्या मूळ यादीत) खोक्याला आणि नगाला एकच क्रमांक चिकटवलाय. आता द्या नियम.

जुना_खातेदार: मग तो खरेदी विभागाचा गलथानपणा. नवीन पुरवठादार घेताना मास्टर डेटा तपासायचा असतो. आयटीवाले सगळं दुसऱ्यावर ढकलतात.

मॅपिंगग्रस्त: खरेदी विभाग! आम्हाला एक्सेल येते, त्यात कोडच्या पुढची शून्यं उडालेली असतात. ती कुणी उडवली, आम्ही?

टोकनवाली: म्हणूनच म्हणते, आयटम मास्टर एपीआयवरून थेट घ्या, एक्सेलच नको.

गोदामवाला: चुकीचा मास्टर थेट घेतला म्हणजे चूक अधिक वेगाने येते, एवढंच. बरं ताई, साठ्याची चौकशी आणि गाडी कुठवर आली ते बघायला एपीआयच बरा. झालं समाधान? ऑर्डर आणि बिलाला मात्र हात लावू नका.

टोकनवाली: उपकार झाले. पुढच्या पिढीला सांगेन.

जुना_खातेदार: विषय भरकटवू नका. ते जास्तीचे खोके परत गेले का? भाडं कुणी भरलं?

मॅपिंगग्रस्त: परतीसाठी आम्ही १८० (माल परतीची ईडीआय सूचना) पाठवली. ते म्हणाले, हा व्यवहार आमच्या मॅपिंगमध्येच नाही. शेवटी ईमेलला एक्सेल जोडून पाठवली. भाड्यावर अजून भांडण चालू आहे.

जुना_खातेदार: आणि त्या एक्सेलमध्ये एकक काय लिहिलं होतं, तेवढं सांगा.