मदत हवी आहे : गेमिंग लॅपटॉपची वॉरंटी महिनाअखेर संपतेय, त्याआधी काय काय तपासू?

पाचगावकर

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे एकच गेमिंग लॅपटॉप दोन पाळ्यांत चालतो. दिवसा माझ्याकडे, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इंटिरिअरचे रेंडर (चित्रं) काढायला. रात्री धाकट्या भावाकडे, कशाला ते सांगायला नको. आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, मूळची ५१२ जीबी एसएसडी आणि नंतर दुकानातून टाकून घेतलेली १ टीबीची. दोन वर्षांची वॉरंटी या महिनाअखेर संपते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर 'तरी सांगत होतो, अमुक घ्या' सुरू होईल.

अडचण अशी की मशीन बंद पडलेलं नाही. पडलं असतं तर सरळ उचलून सेंटरवर नेऊन ठेवलं असतं. पण बारीकसारीक कुरबुरी आहेत आणि त्यातल्या कुठल्या आत्ता मांडायच्या, कुठल्या सोडून द्यायच्या ते कळेना.

डावा पंखा सकाळी पहिल्यांदा सुरू होताना खरखरतो. वेग वाढला की आवाज गायब. उजव्या हिंजपाशी (बिजागरीपाशी) झाकण उघडताना मागचं प्लास्टिक जरासं फाकतं, नख जाईल एवढी फट पडते, झाकण पूर्ण उघडलं की मिटते. गेम सुरू करून थोडा वेळ झाला की फ्रेम्स धाडकन खाली येतात आणि परत वर जातात; प्रोसेसरचं तापमान तेव्हा ९५ च्या आसपास दिसतं. 'एस' कधीमधी दोनदा उमटतो. आणि चार्जिंगला लावून पत्र्यावर मनगट टेकवलं की हाताला झिणझिण्या येतात. भाऊ म्हणतो सगळ्याच लॅपटॉपना येतात. खरं आहे का?

दुसरी एसएसडी काढून मगच न्यावा का? आणि कंपनी वॉरंटी वाढवून द्यायला नऊ हजारांच्या आसपास मागतेय, ते घ्यावं का?

सोल्डरगन

काही वर्षं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलोय, म्हणून तिकडचं सांगतो.

पहिली गोष्ट, तक्रार कशी लिहिली जाते यावर अर्धा निकाल लागतो. जॉबशीटवर, म्हणजे सेंटरच्या तक्रारीच्या कागदावर, 'लॅपटॉप स्लो चालतो' असं पडलं की विंडोज नव्याने टाकून परत मिळणार, लिहून ठेवा. 'डावा पंखा थंड मशीन सुरू करताना खरखरतो' असं पडलं तर पंखा तपासावाच लागतो. काउंटरवरचा पोरगा त्याच्या शब्दांत टाइप करत असतो, त्याला थांबवून आपली ओळ घालायला लावा.

हा पंख्याचा आवाज थंड असतानाच येतो, म्हणजे बहुतेक बेअरिंग. आदल्या रात्री पूर्ण बंद करा, स्लीप नाही, आणि थेट काउंटरवर सुरू करा. घरी एकदा चालू करून मग नेलात तर आवाज येणार नाही आणि शेरा पडेल 'दोष आढळला नाही'. तरीही आधी व्हिडिओ काढून ठेवा, फोन कीबोर्डच्या डाव्या बाजूला धरून.

हिंजचं प्रकरण वाकडं आहे. आत प्लास्टिकमध्ये पितळी बुश (आट्यांच्या छोट्या नळ्या) असतात, त्यात स्क्रू बसतो. हिंज घट्ट झाला की तो बुश प्लास्टिकमधून उपटून निघायला लागतो. तुम्हाला दिसते ती फट तीच. आज ती फट आहे, उद्या तुकडा पडला की सेंटरवाले त्याला 'फिजिकल डॅमेज' म्हणणार आणि हात वर करणार. चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, पडल्याची खूण नाही हे दिसलं पाहिजे. तोवर झाकण कोपऱ्याला धरून उघडू नका, मधोमध धरा. तुमच्या यादीत मी हे सगळ्यात वर ठेवीन.

९५ तापमान हा एकटा दोष धरत नाहीत. लॅपटॉपमधले बरेच रायझन ९५ पर्यंत आणि इंटेल १०० पर्यंत जातात, तसंच डिझाइन असतं. त्यावर वाद घालायला जाल तर हराल. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, सेन्सर्सच्या आकड्यांची नोंद (लॉगिंग) चालू करा आणि परफॉर्मन्स मोडवर, टेबलावर ठेवून, अडॅप्टर लावून अर्धा तास गेम खेळा. नंतर फाइल उघडून फ्रेम्स पडल्या त्या क्षणी काय झालं ते बघा. प्रोसेसरचा एखादाच कोअर बाकीच्यांपेक्षा १५-२० अंशांनी वर असेल, किंवा ग्राफिक्सचं साधं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) यांत मोठी तफावत असेल, तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट किंवा हीटसिंकची बैठक बिघडलीय. तापमान ठीक असून ग्राफिक्सचे वॅट एकदम कोसळत असतील तर संशय अडॅप्टरवर. ही फाइल ईमेलला जोडली की बोलणी वेगळ्या सुरात होतात.

पेस्ट स्वतः बदलायच्या फंदात पडू नका. काही मॉडेल्समध्ये कंपनीतूनच पेस्टऐवजी लिक्विड मेटल (वीज वाहणारा पातळ धातू) असतं. ते बोर्डावर सांडलं तर वॉरंटी काय आणि बिनवॉरंटी काय.

टीपकागद

वरच्या प्रतिसादाला +१. बॅटरीचा विषय कुणी काढलाच नाही म्हणून लिहितेय.

कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग स्पेस, मग स्लॅश आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. एक रिपोर्ट तयार होतो, तो ब्राउझरमध्ये उघडतो. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी या दोन आकड्यांकडे बघा. पहिला ९०,००० आणि दुसरा ६१,००० असेल तर बॅटरी ६८ टक्क्यांवर आलीय. पण आधी कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून बॅटरीची वॉरंटी वेगळी दाखवतात का ते पाहा. लॅपटॉपला दोन वर्षं आणि बॅटरीला एकच, असं सर्रास असतं. तसं असेल तर त्यात वेळ घालवू नका.

बॅटरी फुगली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. लॅपटॉप काचेवर ठेवा, डगमगतो का? टचपॅडची क्लिक आधीपेक्षा कडक झालीय का? फुगवटा दिसला तर वापर थांबवा, चार्जिंगला लावू नका आणि वॉरंटीत असो नसो, आधी ती बदलून घ्या.

एसएसडी काढूनच न्या. दुकानातून टाकलेल्या भागाची जबाबदारी कंपनी घेत नाही, आणि तो आत असला की बिघाडाचं खापर त्याच्यावर फोडायला सोपं जातं. मूळच्या डिस्कचा बॅकअप घ्या, आणि बिटलॉकरची (विंडोज डिस्कला लावतं त्या कुलुपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून ठेवा. विंडोज ११ मध्ये एनक्रिप्शन कित्येकदा आपल्याला न सांगताच चालू असतं. मदरबोर्ड बदलला की विंडोज ती की मागतं, आणि नसेल तर डिस्क समोर असून डेटा गेला. माझ्या ओळखीत एका सीए फर्मच्या मुलीचं हे झालंय, ऐन रिटर्नच्या हंगामात.

भरणीनक्षत्र

झिणझिण्यांबद्दल : लॅपटॉपला बोल लावायच्या आधी घराचं वायरिंग बघा. अडॅप्टरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून थोडासा करंट पत्र्यावर येतोच. तो अर्थिंगमधून निघून जायला हवा. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि अर्थची वायर मागे नुसती लोंबकळत असते. लॅपटॉप, अडॅप्टर सगळं उचलून पक्कं अर्थिंग असलेल्या घरी लावून पाहा. तिथे झिणझिण्या गेल्या तर वायरमनला बोलवा. टेस्टर लावून समाधान मानू नका, तो फेज दाखवतो, अर्थिंग नाही. तीन पिनांचं दोन करणारं कन्व्हर्टर वापरत असाल तर ते आजच फेकून द्या.

चहाबाज

जे दोन वर्षांत कधी वापरलंच नाही ते आधी तपासा की राव! लॅनचं पोर्ट, एचडीएमआय, हेडफोनचा जॅक, टाइप सी वरून बाहेरचा मॉनिटर. सगळे वायफायवर असतात, लॅन मेलंय हे वॉरंटी संपल्यावर कळतं. स्क्रीनवर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण रंग लावून वेगळे दिसणारे, मेलेले ठिपके बघा, काळा बघताना दिवे बंद करून. एखाद्या ठिपक्यावर पॅनेल बदलत नाहीत, किती झाले की बदलतात ते कंपनीच्या धोरणात असतं. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा आणि रात्री झोपताना रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावून द्या. रॅमची एक जरी एरर आली तर फोटो काढा, त्यावर कुणी वाद घालत नाही. 'एस' साठी आधी कॅपखाली चिवड्याचा दाणा नाही ना ते पाहा, भाऊ रात्री खेळतो म्हणालात.

वाढीव वॉरंटी माझ्या मते पैसे पाण्यात. नऊ हजार बाजूला टाका, लागले तर वापरा.

सोल्डरगन

चहाबाजभाऊ, इथे सहमत नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेले असतात. ग्राफिक्स गेलं म्हणजे पूर्ण बोर्ड गेला, आणि नऊ हजारांत तो येत नाही. रोज दोन पाळ्यांत चालणाऱ्या मशीनला मी तरी घेईन. पण घ्यायची तर वॉरंटी चालू असतानाच, बहुतेक कंपन्या ती संपल्यावर देत नाहीत. सीरियल नंबर टाकून कंपनीच्याच साइटवरून घ्या. मॉलवाले विकतात तो प्रोटेक्शन प्लॅन पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीचा असतो. इंजिनिअर घरी येणार की आपण न्यायचा, बॅटरी-अडॅप्टर धरलेत का, एवढं वाचून घ्या. आणि आधी सध्याच्या तक्रारी नोंदवा, मग पैसे भरा.

पाचगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. चहाबाज, दाणा नव्हता, शेवेचा तुकडा होता. 'एस' सुधारला.

मावशीकडे लावून पाहिलं, झिणझिण्या नाहीत. वायरमनला सांगितलंय, तो 'उद्या येतो' म्हणालाय, म्हणजे बघू. पंखा आणि हिंज दोन्हींची तक्रार ईमेलने टाकली, केस नंबर आला. फोनवरची बाई मात्र आत्ताच म्हणते, हिंज फिजिकल डॅमेजमध्ये धरतील आणि तशी जॉबशीटवर सही घेतील. सही करायची का? आणि दुरुस्ती पुढच्या महिन्यात गेली तर?

सोल्डरगन

तक्रारीची तारीख वॉरंटीच्या आतली आहे ना, मग दुरुस्ती पुढे गेली तरी तीच धरायला हवी. म्हणून तो केस नंबरचा ईमेल उडवू नका, बिलाच्या पीडीएफबरोबर ठेवा.

सही केल्याशिवाय ते लॅपटॉप ठेवून घेणार नाहीत. करा, पण सहीच्या वर आपल्या अक्षरात लिहा : 'फिजिकल डॅमेज मान्य नाही, पडल्याची वा आपटल्याची खूण नाही.' मग त्या कागदाचा फोटो तिथेच काढा. नकार दिला तर तो लेखी मागा. लेखी नकार हातात आला की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार करता येते. तोंडी नकारावर तिथेही पहिला प्रश्न कागदाचाच येतो.