मदत हवी आहे: गुडघ्याच्या गोळीने आईचा दमा उसळला, असं का झालं?

नमस्कार. आई ६१ वर्षांची, आम्ही धायरीत राहतो. तिच्या नाकातल्या पॉलिपचं (मऊ मांसल गाठींचं) दोनदा ऑपरेशन झालं, तरी वास येत नाही. दमाही आहे, रोज पंप घेते. आजवर आम्ही घरामागच्या गाजर गवताला आणि रस्त्याच्या धुळीला दोष देत होतो.

गेल्या रविवारी गुडघे दुखले म्हणून तिने शेजारच्या काकूंकडची आयब्युप्रोफेन घेतली. तासाभरात नाक गळायला लागलं, चेहरा लालबुंद झाला आणि छातीतून शिट्टी वाजायला लागली. रिक्षाने हॉस्पिटल गाठेपर्यंत माझे हातपाय गळाले होते. आता बरी आहे. डॉक्टर एवढंच म्हणाले, "प्रोस्टाग्लँडिनचा घोळ आहे, पेनकिलर बंद."

तेव्हापासून वाचतेय. पेशीच्या आवरणातल्या अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून हे प्रोस्टाग्लँडिन बनतं. काम संप्रेरकासारखं, पण जिथे बनतं तिथल्याच आसपास. ताप, सूज, वेदना वाढवतं आणि जठराचं अस्तरही सांभाळतं! ॲस्पिरिन (आयब्युप्रोफेन त्याच जातीची) ते बनूच देत नाही हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मग सूज वाढवणारा पदार्थ कमी झाल्यावर आईला आराम पडायला हवा होता ना? उलटं कसं झालं? आणि गुडघ्यांचं काय करू? जिना उतरताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं, बघवत नाही.

प्रतिसाद:

ताई, सगळी प्रोस्टाग्लँडिन एका स्वभावाची नसतात. त्यातलं डी२ नावाचं श्वासनळ्या आवळतं, ई२ मात्र फुफ्फुसात लगाम धरून बसलेलं असतं. त्याच आम्लापासून दुसऱ्या वाटेने ल्युकोट्राइन बनतात. श्वासनळ्या आवळण्यात ती हिस्टामिनपेक्षा (अ‍ॅलर्जीत सुटणारं रसायन) कितीतरी जोरकस. गोळीने पहिली वाट बंद केली, ई२चा लगाम सुटला आणि ल्युकोट्राइनचा लोंढा आला. पॉलिप, दमा आणि या गोळ्यांचं वावडं हे त्रिकूट छातीच्या डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं आहे.

फाइलवर ठळक लिहून घ्या: ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद. कॉम्बिनेशनच्या गोळ्यांत ती असतात, म्हणून पाकिटामागचं वाचा. पॅरासिटामॉल कमी मात्रेत बहुतेकांना चालतं, मोठ्या मात्रेने काहींना त्रास होतो. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. गुडघ्यांना फिजिओथेरपी आणि शेक द्या. दुखण्याचं मलमसुद्धा विचारल्याशिवाय लावू नका, त्यातही बऱ्याचदा डायक्लोफेनॅक असतं. ल्युकोट्राइनला अडवणारी मॉन्टेलुकास्ट त्यांना चालू आहे का?