कॅनडाच्या हिवाळ्यात कायम व्हॅनमध्येच राहणं: करावं की नाही?

रानवाटा:
इकडे नोकरीला आलेल्या आपल्या मुलांपैकी काही जण भाडं परवडत नाही म्हणून जुनी व्हॅन घेऊन तिच्यातच राहायचं म्हणतात. त्यांना लगेच वेड्यात काढणाऱ्यांशी माझा वाद आहे. मी कॅल्गरीत नोकरी करतो आणि बारा महिने व्हॅनमध्ये राहतो.

लोकांना वाटतं सगळ्यात मोठा शत्रू थंडी. माझ्या मते खरा शत्रू ओल. माणूस रात्रभर श्वास सोडतो, त्यात चहा, भात, ओले बूट. ही वाफ पत्र्यावर जाऊन गोठते. सकाळी आतल्या स्क्रूंच्या डोक्यांवर बर्फाचे दाणे दिसतात. मग चिनूक (डोंगरांकडून येणारा कोरडा, उबदार वारा) सुटतो, एका दिवसात उणे २० वरून शून्याच्या वर जातं आणि सगळं वितळून गादीत उतरतं. महिन्याभरात बुरशी. म्हणून कडाक्याच्या थंडीतही छताचा पंखा थोडा उघडा ठेवावा लागतो. नव्या माणसाला हे पटत नाही, तो सगळ्या फटी बुजवून टाकतो.

उबेसाठी डिझेलवर चालणारा हीटर. २ किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला साधारण पाव लिटर डिझेल पितो, मंद चालला तर त्याच्या निम्म्याहून कमी. ज्वलनाची हवा तो बाहेरून घेतो, धूरही बाहेर सोडतो. उघड्या ज्योतीचा प्रोपेन हीटर रात्रभर लावून झोपू नका. १ किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन आत येतं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

भिंतीत लोकर किंवा फोम, काचांना जाड पडदे, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, दोन वेगळ्या प्रकारची उष्णता (डिझेल, आणि राखीव म्हणून प्रोपेन). एवढं असेल तर राहता येतं. ज्यांचा विरोध आहे त्यांनी कारणांसकट लिहावं.

तिठा:
सरळ दक्षिणेला का जात नाही? अमेरिकेत ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलपर्यंत राहण्याचा परवाना मिळतो. हजारो गाड्या तिथे हिवाळा काढतात.

रानवाटा:
तिठा, ते निवृत्त लोकांना जमतं. माझं काम इथे आहे, वर्क परमिट इथलं आहे. सीमेपलीकडे जाऊन काम करता येत नाही.

स्वाती_एडमंटन:
रानवाटा, तुमची माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. तुम्ही कॅल्गरीचं लिहिता, जिथे चिनूक अधूनमधून सुटका करतो. इथे एडमंटनला ती चैन फार कमी.

जानेवारी २०२४ आठवा. आमच्याकडे पारा उणे ४० च्याही खाली गेला. १३ तारखेच्या संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर एकदम सूचना आली की वीज जपून वापरा, ग्रिडवर ताण आहे. पक्क्या घरात बसलेले आम्ही घाबरलो होतो. त्या रात्री व्हॅनमध्ये काय चाललं असेल?

तुमचा डिझेल हीटर विजेशिवाय सुरू होत नाही. त्याला पेटायला काही मिनिटं बरीच वीज लागते, नंतर पंख्याला आणि पंपाला थोडी. उणे १८ ला शिशाच्या बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करताच येत नाही, केली तर आतून कायमची खराब होते. म्हणजे हीटर थांबला की बॅटरी गार, बॅटरी गार पडली की हीटर पेटत नाही. डिझेल उन्हाळी ग्रेडचं राहिलं असेल तर त्यातलं मेण गोठून फिल्टर बंद. आणि राखीव म्हणून ठेवलेला प्रोपेन? तो उणे ४२ ला उकळतो, म्हणजे उणे ४० ला सिलेंडरमधून जेमतेम गॅस निघतो. ज्या रात्री दोन्ही उपाय हवेत, नेमके त्याच रात्री दोन्ही अडकणार.

घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली तर घर काही तास तग धरतं, शेजारी असतात. पत्र्याची व्हॅन फार लवकर गार होते, आणि तुम्ही झोपेत असता. बाहेर पडून दुरुस्ती करायची म्हटलं तर विंड चिल (वाऱ्यामुळे जाणवणारं तापमान) उणे ४० च्या खाली गेला की उघडी कातडी ५ ते १० मिनिटांत गोठू लागते. हातमोजे काढल्याशिवाय छोटे नट फिरवता येतात का, सांगा.

पोटच्या पोराला मी हा सल्ला देणार नाही, दुसऱ्याच्या पोरालाही नाही.

ऋता:
स्वातीताईंना पूर्ण पाठिंबा. इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्यांसाठी एक भर: जानेवारी २०१६ च्या बर्फाच्या वादळात न्यू जर्सीत एक आई आणि तिची दोन लहान मुलं इंजिन चालू असलेल्या बंद गाडीतल्या विषारी धुराने गेली. बर्फाने धुराची नळी बुजली होती आणि ते ऊब घ्यायला आत बसले होते. व्हॅनखालच्या हीटरची नळीही तशीच बुजू शकते. बर्फ पडत असेल तर रात्री उठून ती मोकळी करायलाच हवी.

गोंदियाकर:
मी कॅनडा पाहिलेला नाही, पण वाहतुकीच्या धंद्यात वय गेलं आणि लडाखच्या फेऱ्या करणाऱ्या ड्रायव्हरांशी रोजचा संबंध होता. ही मंडळी आठवडेच्या आठवडे केबिनमध्येच झोपतात. डिझेल गोठलं की टाकीखाली आग पेटवायची, हा त्यांचा जुना उपाय. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ पर्यंत पातळ राहणारं हिवाळी डिझेल तिकडे आणलं, तेव्हा कुठे मार्ग निघाला.

त्यांच्याकडून एकच गोष्ट शिकलो. कोळशाची शेगडी केबिनमध्ये घेऊन दार लावायचं नाही, कितीही थंडी असो. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीने माणसं जातात. रानवाटा यांनी अलार्मचं लिहिलं ते फार बरं केलं. तो पायाशी नको, उशाशी लावा.

रानवाटा:
स्वातीताई, तुमचा बॅटरीचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. माझी लिथियम बॅटरी आत, पलंगाखाली, इन्सुलेशन केलेल्या पेटीत आहे, खाली गरम करणारा पॅड. टाकीत थंडी पडायच्या आधीच हिवाळी डिझेल भरून घेतो. हीटर आठवड्यातून एकदा पूर्ण जोरात चालवतो, सतत मंद ठेवला तर आत काजळी साचून तो ऐन वेळी बंद पडतो. पॅडिंग केलेल्या पिशवीत हीटर पेटवणारे सुटे ग्लो प्लग ठेवतो.

आणि उणे ३५ च्या खालचा अंदाज असेल तर मी मित्राच्या तळघरात झोपायला जातो, गाडीचा ब्लॉक हीटर (इंजिन गोठू नये म्हणून विजेवर चालणारा) त्याच्या प्लगला लावून.

स्वाती_एडमंटन:
मग तुम्ही कायम व्हॅनमध्ये राहत नाही. तुमच्याकडे तळघर आहे. ज्या मुलाचा इथे कोणी नाही त्याच्याकडे ते नाही, आणि धागा त्याच्यासाठीच काढला आहे ना?

रानवाटा:
हो, हा मुद्दा मान्य. ऐन वेळी जायला जागा नसेल तर उणे ३५ च्या शहरात व्हॅनमध्ये राहू नये. वरच्या यादीत पहिलंच हे हवं होतं. पण त्यापुढे मी वेगळं म्हणतो: अशी जागा शहराने का देऊ नये?

ऋता:
शहरं उलटंच करतात, रानवाटा. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात बाकन तेलपट्ट्यात तेजी होती तेव्हा विलिस्टनला खोलीचं भाडं मोठ्या शहरांच्या वर गेलं. चांगला पगार असलेले कामगार हिवाळाभर आरव्हीत (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीत) राहिले, गाडीच्या पोटाखालून वारा जाऊ नये म्हणून सगळीकडून फोमचे तक्ते आणि गवताच्या गंज्या लावून. पुढे शहराने हद्दीत आरव्हीत राहण्यावर बंदी घातली. जून २०२४ मध्ये ऑरेगॉनमधल्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांना दंड करण्याची मुभा शहरांना दिली. मला भीती थंडीपेक्षा रात्री दोनला काचेवर पडणाऱ्या टकटकीची जास्त वाटते. चांगली उजेडाची जागा सोडून माणूस आडरानात जातो आणि तिथे काही झालं तर हाक ऐकायला कोणी नसतं.

रानवाटा:
अगदी हेच. आमच्या अल्बर्टा प्रांतात बऱ्याच पार्किंगांमध्ये ब्लॉक हीटरसाठी प्लगचे खांब आधीच उभे आहेत. थंडीच्या चार महिन्यांसाठी रात्री अशी एक जागा उघडी ठेवली, एक शौचालय दिलं, तर कोणी मरणार नाही. गाडीत राहणारा माणूस हुसकल्याने नाहीसा होत नाही.

स्वाती_एडमंटन:
प्लगच्या जागेला माझी सही आहे. पण तेवढ्याच पैशात उबदार खोल्या होत असतील तर मी खोल्यांसाठी भांडेन. पार्किंगची सोय झाली की घरं बांधायची निकड संपते, आणि तात्पुरतं म्हणून सुरू झालेलं कायमचं होऊन बसतं.

शैलजा_सातारा:
माझा भाचा रेजायनात आहे. नोकरी नुकतीच लागली. जुनी कार्गो व्हॅन ठरवली आहे, आत नुसता पत्रा. डिसेंबरच्या आधी राहायला जातो म्हणतो. त्याचे आईवडील मला विचारतात, मी काय सांगू? इथलं वाचून झोप उडाली आहे.

रानवाटा:
शैलजाताई, या हिवाळ्यात नाही. व्हॅन हवी तर घेऊ द्या, पण मे महिन्यापर्यंत दोघातिघांत खोली घेऊन राहू द्या. उन्हाळ्यात इन्सुलेशन आणि हीटर बसवावा, ऑक्टोबरच्या पहिल्या गोठणाऱ्या रात्री आत झोपून बघावं, दार उघडून दहा पावलांवर घर असताना. माझ्याशी बोलायला सांगा, कोणती वायर कुठून न्यायची तेही सांगतो.

स्वाती_एडमंटन:
शैलजाताई, रेजायनात वारा अडवायला डोंगर नाहीत, तिथे आमच्यापेक्षाही बोचरं असतं. तिथल्या मराठी मंडळींमध्ये विचारून खोली शोधायला मी मदत करते, मला निरोप पाठवा. आणि रानवाटा, पुढच्या ऑक्टोबरलाही माझं उत्तर 'नको' असंच असेल, हे आत्ताच सांगून ठेवते.