सहा महिन्यांच्या बाळाला दाण्याचा कूट द्या, असं आपण डॉक्टरांनी सांगायचं की नाही?

बालरोगतज्ज्ञ, सोलापूर (धागा सुरू करताना)
आपल्याकडे आमटीला कूट, भाजीला कूट, भाकरीबरोबर शेंगाचटणी. तान्ह्याच्या वाटीत मात्र वर्ष-दीड वर्ष शेंगदाण्याचा कणही जात नाही. "जड पडतं, पित्त होतं" असं घरातली मोठी माणसं म्हणतात आणि दवाखान्यात आम्हीही "थांबा की थोडं" म्हणतो. इसब असलेल्या बाळांच्या बाबतीत हे थांबणं घातक आहे, त्यानेच पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते, असं माझं ठाम मत आहे.

२००० साली अमेरिकेतल्या बालरोग अकादमीनेही ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असंच सांगितलं होतं. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. २०१५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गिडियन लॅक यांचा 'लीप' अभ्यास आला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं त्यात होती. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पूर्ण वर्ज्य केला. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत ज्यांच्यात शेंगदाण्याबाबत काही आढळलं नव्हतं, त्यांच्यापैकी वर्ज्य केलेल्या गटात पाचव्या वर्षी १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांत १.९ टक्के. त्यावरून २०१७ मध्ये अमेरिकेने नियम बदलले: अशा बाळांना शेंगदाणा लवकर सुरू करा.

तरी तिथल्या २०२० च्या पाहणीत ९३ टक्के बालरोगतज्ज्ञांना नियम ठाऊक होते, पण पूर्णपणे पाळणारे जेमतेम २९ टक्के. आपली अडचण तर आणखी मोठी. सरकारी लसीकरणात १४ आठवड्यांनंतर थेट नवव्या महिन्यात बाळ येतं, म्हणजे सांगायची खरी वेळ हातातून जाते. म्हणून १४ आठवड्यांच्या लसीलाच हे सांगावं आणि कार्डावर लिहून द्यावं.

कान-नाक-घसा तज्ज्ञ
माझा विरोध आहे. तुम्ही 'शेंगदाणा' म्हणाल आणि घरी आजी अख्खा दाणा हातावर ठेवेल. श्वासनलिकेत अडकलेला दाणा आम्ही दुर्बीण टाकून काढतो. दाणा ओलाव्याने फुगतो, त्याच्या तेलाने सूज येते. मूल निळं पडून येतं तेव्हा आईबापाचे चेहरे बघवत नाहीत. ॲलर्जी टाळायच्या नादात हा धोका दारात आणू नका.

बालरोगतज्ज्ञ
हा आक्षेप शंभर टक्के रास्त आहे. म्हणूनच तोंडातून 'शेंगदाणा' शब्द काढायचाच नाही. 'बारीक कूट, पेजेत कालवून' एवढंच म्हणायचं. अख्खा किंवा फोडलेला दाणा पाच वर्षांपर्यंत नाही. चटणी तर नाहीच, तिखटामिठामुळे. दाणे निवडून घ्यायचे. बुरशी लागलेला, कडवट एकही नको, त्यात अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष असतं.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय
हा प्रश्न मुळात आपला आहे का? कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत अन्नाच्या ॲलर्जीचं प्रमाण ०.१४ टक्के निघालं. माझ्या ओपीडीत रक्त कमी असलेली, वजन न वाढणारी बाळं रांगेत असतात. एका आईला मी दोन मिनिटं देतो. त्यात निव्वळ स्तनपान, लोह, हात धुणं. चौथी गोष्ट घातली की पहिल्या तिन्ही पुसल्या जातात. लंडनचं दुखणं आपल्या डोक्यावर कशाला?

बालरोगतज्ज्ञ
सर, प्रमाण कमी आहे, मान्य. पण इसबाच्या बाळाचं घर डोळ्यांसमोर आणा. ॲलर्जीचं शिक्षण दोन वाटांनी होतं: तोंडाने आलेला पदार्थ शरीर आपलासा करतं, फाटलेल्या त्वचेतून आलेला परका ठरवतं. मिक्सरमधून कूट उडतो, पोळपाटावर, सतरंजीवर बसतो, आईच्या हाताला लागतो. त्यात लाकडी घाण्याचं शेंगतेल इसबावर चोळणारी घरं आहेत. त्या तेलात प्रथिनांचा अंश राहतो. शेंगतेल असलेली मलमं त्वचेला लावणं आणि ॲलर्जी यांचा संबंध २००३ मध्ये इंग्लंडमधल्या मुलांत दिसला होता. आपण त्वचेची वाट उघडी ठेवतो आणि तोंडाची बंद करतो. वजन न वाढणाऱ्या बाळाला तर कूट हा स्निग्धांश आणि प्रथिनं देणारा घरचाच पदार्थ आहे.

आशा कार्यकर्ती, दक्षिण सोलापूर
डॉक्टर, आम्ही तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरी जातोच की. पण बायका विचारायल्यात, मोबाईलवर चौथ्या महिन्यापासून द्या म्हणतात ते खरं का? सहा महिने फक्त आईचं दूध, हे सांगून सांगून आमचा घसा बसला. ते मोडू नका.

बालरोगतज्ज्ञ
ताई, सहा महिने पूर्ण झाल्यावरच. उष्टावण झाली, भात-वरण पचायला लागलं, की कूट. तुमची सहाव्या महिन्याची भेट हीच आमची सगळ्यात मोठी सोय आहे.

एक आई, जुळे सोलापूर
माझ्या लेकीला तिसऱ्या महिन्यापासून इसब. नऊ महिन्यांची असताना शेंगापोळीचा मऊ तुकडा चाखवला आणि तोंडाभोवती गांधी उठल्या, ओठ सुजला. रात्री रिक्षा शोधत फिरलो. घरी द्या म्हणणं तुम्हाला सोपं आहे. आधी तपासणी हवी.

बालरोगतज्ज्ञ
ताई, तुमच्या लेकीला घरी पुन्हा देऊ नका, ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय तर नाहीच. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाचा पहिला घास माझ्या मते दवाखान्यातच व्हावा, ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) हाताशी ठेवून. सोय असेल तर आधी स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे त्वचेवर हलकं टोचून ॲलर्जी बघणं. पण टेस्टवाचून अडून राहणं मला पटत नाही. ऑस्ट्रेलियात सरसकट तपासणीशिवाय वर्षाच्या आत देतात, आणि २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या ॲलर्जीतज्ज्ञांनीही तपासणी सक्तीची नाही असं म्हटलं. बाकी बाळांना घरी: चमच्याच्या टोकाएवढं, दहा मिनिटं थांबून उरलेलं, मग दोन तास नजर. सर्दी-ताप असताना नाही, आणि दवाखाने बंद झाल्यावर रात्री तर नाहीच. सोसलं तर आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण ८ ग्रॅम कूट. त्यात २ ग्रॅम प्रथिनं येतात. एकदा देऊन सोडून दिलं तर उपयोग नाही.

वैद्यकीय अधिकारी
इसबाच्या बाळांपुरतं मी सांगायला लागतो. ती ओळखता येतात, थोडी असतात, दोन मिनिटांत बसतात. घाण्याच्या तेलाचंही सांगेन. ते मी स्वतः पाहिलंय. पण सगळ्यांसाठी फलक लावायला माझा विरोध आहे. फलक वाचणाऱ्याला कूट आणि दाणा यातला फरक कोण समजावणार?

कान-नाक-घसा तज्ज्ञ
फलकाला माझाही विरोध. कार्डावर लिहिणार असाल तर 'अख्खा दाणा नाही' ही ओळ आधी, कुटाची नंतर.

बालरोगतज्ज्ञ
त्याच क्रमाने लिहितो. सोमवारपासून माझ्याकडे १४ आठवड्यांच्या लसीला येणाऱ्या प्रत्येक बाळाचे गाल, कोपर आणि गुडघ्याची लवण तपासून इसब असेल तर कार्डावर नोंद होईल. सिव्हिलमधल्या मित्रांनी पहिल्या घासासाठी आठवड्यातला एक दिवस ठरवता येतो का, ते इथेच कळवावं.