‘मलवर खायला काही मिळत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

ओबनमार्गे

मागच्या आठवड्यात इथे फोरमवर ‘घाटावरचा’ या सदस्याचं आयल ऑफ मलचं, म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मल बेटाचं, प्रवासवर्णन आलं. (नावावरचे विनोद तिथे यथेच्छ झालेत, इथे नकोत.) फोटो झकास, गरुडाचा तर अप्रतिम. पण शेवटच्या परिच्छेदाने डोकं फिरवलं. बेटावर खाणं म्हणजे दिवसाढवळ्या लूट आणि वर बेचव, म्हणून यांनी लेस्टरहून तांदूळ, डाळी, भाजणी, ठेपल्यांची चळत आणि राइस कुकर गाडीत घातला, पाच दिवस कॉटेजवर रांधलं आणि ‘बाहेर जेवणावर एक पौंडही न घालवता’ परतले. वर सल्ला की सगळ्यांनी असंच करावं.

मी ग्लासगोत राहतो, मलला सात वेळा जाऊन आलोय, आणि पगार माझाही बेताचाच आहे. तिथे महाग आहे ते रात्रीचं जेवण. टेबल, मेणबत्ती, काचेपलीकडे समुद्र, माणशी चाळीस-पन्नास पौंड. ते मीही टाळतो. पण बेटावरची माणसं काय रोज मेणबत्तीपाशी जेवतात? दुपारी कुठल्याही साध्या कॅफेत सूप आणि जाड ब्रेड मिळतो. फळ्यावर कलन स्किंक लिहिलेलं दिसलं तर पुढे वाचू नका. धुरी दिलेला हॅडक मासा, बटाटा, कांदा, दूध. दिसायला आजाऱ्याची पेज, पण बाहेर आडवा पाऊस चालू असताना तो धुराचा वास नाकात चढला की माणूस गप्प बसतो.

टोबरमोरीला, म्हणजे मलच्या मुख्य गावात, धक्क्यावर, घड्याळाच्या मनोऱ्यापाशी फिश अँड चिप्सची गाडी असते. गेल्या जूनमध्ये तिथे पुठ्ठ्याचा डबा उघडला आणि चष्म्यावर वाफ धरली. लाकडी काट्याने टोचलं की वरचं कवच टचकन मोडतं आणि आतून पांढरेशुभ्र पापुद्रे सुटत जातात. एका डब्यात मी आणि बायको जेवलो. तिसरा वाटेकरी सीगल, तो न विचारता आला. बारा-तेरा पौंड, दोघांत मिळून. लेस्टरला तेवढ्यात दोघं काय जेवता तुम्ही?

गावाबाहेर चीजचं शेत आहे. तिथल्या गायींना टोबरमोरीच्याच डिस्टिलरीतला धान्याचा चोथा घालतात, आणि त्या दुधाचं चेडर करतात. त्याचा एक तुकडा, ब्रेड आणि टोमॅटो, की दोन दुपारी निघाल्या. रस्त्याकडेला ऑनेस्टी बॉक्स असतात: जुना फ्रिज नाहीतर लाकडी कपाट, आत अंडी, केक, जॅम, शेजारी पैशांचा डबा. दुकानदार नाही, पाटी नाही, कधीकधी हिशेबाला शाळेची वही.

२०१५ च्या ऑक्टोबरात मलच्या फेरीबोटीला अंतराच्या हिशेबाचं भाडं लागू झालं आणि गाडी नेणं चांगलंच स्वस्त झालं. तेव्हापासून लोक गाड्या भरभरून मुख्यभूमीवरचं सामान आणतात, बेटाचे एकपदरी रस्ते वापरतात, किनारे बघतात आणि बेटावर कचरा तेवढा ठेवून जातात. ठेपले खा हो, पण त्याची टिमकी वाजवू नका.

घाटावरचा

टिमकी कोण वाजवतंय ते वरच्या निबंधाच्या लांबीवरून कळतंय.

आम्ही सहा जण होतो. चार मोठे, दोन लहान. तुमचं ते आजाऱ्याचं सूप सात-आठ पौंडांना. सहा सूप, चहा, मुलांना स्कोन, की साठ पौंड झाले, आणि चार वाजता मुलं पुन्हा ‘भूक लागली’. पाच दुपारचे तीनशे. दोघांनी एका डब्यात जेवून जगाला अर्थशास्त्र शिकवू नये.

आणि बाहेर जेवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पहिल्या रात्री गेलो होतो. फिओनफोर्टहून परत येताना एकपदरी रस्त्यावर मेंढ्यांनी वीस मिनिटं खाल्ली. आठ वाजून दहा मिनिटांनी एका ठिकाणी पोचलो, नाव सांगत नाही. आत माणसं जेवत होती, आणि आम्हाला ‘किचन बंद झालं’. आठ वाजता! वडील मधुमेही, त्यांनी गोळी घेतलेली. त्या माणसाने खारे शेंगदाणे आणि क्रिस्प्सची पाकिटं पुढे केली. गाडीत ठेपले नसते तर त्या रात्री काय झालं असतं ते तुम्ही वडिलांना समजावून सांगा.

बेचव हा शब्द मागे घेत नाही.

डॉ_खवचट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. स्वतःचेच आणलेत, लेस्टरहून.

आत्या_अ‍ॅबर्डीनकर

घाटावरचा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण बाबा, तिथे आठला किचन बंद होणार हे निघतानाच धरून चालायचं. त्या गावात आचारी एकच, तोच सकाळी नाश्त्यालाही उभा असतो. मला या देशात एकतीस वर्षं झाली. पहिली दहा वर्षं मीही कुकर घेऊनच फिरले. एकदा आमच्या ह्यांनी ओबनच्या, मलची बोट सुटते त्या बंदराच्या, धक्क्यावरून खेकड्याचं सँडविच आणलं, मी नाक मुरडून एक घास खाल्ला आणि दुसरं आणायला स्वतः गेले. ते पाण्याचंही सांगून ठेवते. दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, कायदा आहे इथला. लाजून बाटल्या विकत घेऊ नका.

जहाजी_मालवणी

दोघांचंही अर्धंच खरं. मी ओबनजवळ मासळीच्या धंद्यात आहे, म्हणून लिहितो.

मलच्या आसपासचा सगळ्यात भारी माल म्हणजे लँगुस्टीन (छोट्या लॉबस्टरसारखी नांग्यांची कोळंबी), आणि तो मलवर राहतच नाही. मच्छीमार त्याला नुसतं ‘प्रॉन’ म्हणतो. क्रीलमध्ये, म्हणजे पिंजऱ्यात, जिवंत धरतात. एकमेकांच्या नांग्या तोडू नयेत म्हणून एकेक वेगळ्या नळीत उभा ठेवतात आणि लॉरी सुटते ती स्पेन-फ्रान्सला. जानेवारी २०२१ मध्ये ब्रेक्झिटनंतरच्या आरोग्य दाखल्यांपायी त्या लॉऱ्या अडकल्या, तेव्हा माल आमच्या डोळ्यांदेखत मेला. तेवढ्यापुरता गावाला स्वस्तात मिळाला, ही कसली डोंबलाची स्थानिक चव? चांगली सुरमई मालवणातून मुंबई-गोव्याला जाते आणि गावच्याला मिळते सौंदाळे, तसाच हा प्रकार. धक्क्यावरच्या टपरीत अर्धा डझन मिळाले तर घ्या, पण त्याला ‘परवडणारं’ म्हणू नका. परवडतात ते मसल्स. तिसऱ्यांचे थोरले भाऊ समजा.

अंबाडीची_भाजी

सगळ्यांचं मासेपुराण संपलं असेल तर एक विचारू? शाकाहाऱ्याने काय खायचं? आणि ‘चिप्स खा’ म्हणू नका. स्कॉटलंडात कित्येक ठिकाणी चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये तळतात. म्हणजे गाईच्या चरबीत, स्पष्टच सांगते. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं. त्याआधी एका बंदरावर (मल नव्हे) भर संकष्टीला मी चिप्स खाल्ले होते. ‘बटाटा आहे, मीठ आहे, उपासाला चालतंय’ म्हणून! सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनाही दाखवले.

डॉ_खवचट

व्हिनेगर उपासाला चालतं का?

अंबाडीची_भाजी

तुम्हाला गंमत वाटतेय. मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

ओबनमार्गे

दिलगीर आहे, खरंच. पण विचारायचं ना! ‘कशात तळता?’ दोन शब्द. तेलात तळणारेही पुष्कळ आहेत, आणि सांगतात ते.

अंबाडीची_भाजी

का विचारायचं? पाटी का नाही लावत? अ‍ॅलर्जीच्या १४ पदार्थांची यादी भिंतीवर असते. मासा, अंडं, मोहरी, सेलरीसुद्धा. बीफ त्या यादीत नाही, म्हणून तिथे लिहायचं बंधन नाही. सेलरीवाल्याचा जीव मोठा आणि माझा धर्म छोटा? दर वेळी रांगेत मागे दहा माणसं उभी असताना खिडकीत मान घालून चौकशी करायची, आणि आतला मुलगा तोंडाकडे बघत राहतो.

घाटावरचा

+१. म्हणून राइस कुकर.

जहाजी_मालवणी

सेलरीने माणूस मरू शकतो, म्हणून ती यादीत आहे. यादी जिवासाठी आहे, उपासासाठी नाही. दुसऱ्याच्या देशात जाऊन त्याने शंभर वर्षं वापरलेली चरबी बदलावी ही अपेक्षा जरा अतीच.

अंबाडीची_भाजी

बदला कोण म्हणतंय? लिहा म्हणतेय. वाचता येत असेल तर वरचं पुन्हा वाचा. आणि ‘दुसऱ्याचा देश’ कुणाला सांगता? माझी मुलं इथे जन्मली, कर मीही भरते.

आत्या_अ‍ॅबर्डीनकर

अगं, चिडू नकोस. हॅगिस एरवी मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचं, पण शाकाहारी हॅगिसही मिळतं हल्ली बऱ्याच ठिकाणी. एडिनबराच्या मॅकस्वीन कंपनीने १९८४ मध्येच आणलं ते. ओट, डाळी, मिरपूड, आपल्या मसाल्याच्या जवळ जाणारं. शिवाय मॅकरोनी पाय आहे.

अंबाडीची_भाजी

आत्या, पायचं कवच कशाचं असतं?

आत्या_अ‍ॅबर्डीनकर

अगो बाई. ते नाही आलं लक्षात. जुन्या पद्धतीच्या पायचं कवच चरबीतच करतात. काही ठिकाणी आता तेल वापरतात म्हणे. विचार तू.

डॉ_खवचट

आणि ओबनमार्गेंच्या त्या लाडक्या चेडरात दूध घट्ट करणारं रेनेट कुठलं? वासराच्या पोटातलं की प्रयोगशाळेतलं? गाईला व्हिस्कीचा चोथा घालतात तेवढं सांगितलंत, पुढचं गाळलंत. धाग्याचं काश्मीर झालंच आहे तर पूर्ण होऊ दे.

ओबनमार्गे

चीजचं विचारलं नव्हतं मी, कबूल. पण मूळ मुद्दा महागाईचा होता, मित्रहो. चरबी, वासरू, संकष्टी कुठून कुठे चाललोय?

कुडाळहून_कॅनडा

मधेच पडतो. आम्ही स्कॉटलंडात फिरलो तेव्हा रविवारी एका बेटावर सगळं बंद होतं. पेट्रोलसुद्धा नाही. धर्म-धर्म करताय तर ते बघा, तिथे देवाच्या नावाने अख्खं बेट उपाशी ठेवतात.

जहाजी_मालवणी

ते लुईस बेट असेल. मल नव्हे. तिथल्या स्टॉर्नोवे बंदराची रविवारची फेरीबोटसुद्धा २००९ मध्ये सुरू झाली, तीही भांडणं होऊन. मलला रविवारी फेरी चालते, चहा मिळतो, केक मिळतो. सगळी बेटं एका पिशवीत घालू नका. तुमच्या कुडाळचं आणि कोल्हापूरचं जेवण एकच म्हटलं तर चालेल काय?

कुडाळहून_कॅनडा

नाय चालणार. मागे घेतलं.

घाटावरचा

ऑनेस्टी बॉक्सचं पुढे कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. मूळ लेखात हे मुद्दाम लिहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी डर्व्हेग गावाच्या वाटेवर एक निळं कपाट दिसलं. मुलगी ओरडली ‘केक!’ म्हणून थांबलो. लेमन ड्रिझल केक, कागदात बांधलेला, वर पेन्सिलीने किंमत. शेजारी सहा अंडी, एकाला पीस चिकटलेलं. खिशात एक नाणं नाही. हल्ली नाणी असतात कुणाकडे? फोनवरून पैसे भरायचा कोड चिकटवलेला होता, पण रेंज नाही. बायको म्हणाली ठेव परत. मुलगी रडायला लागली. शेवटी वहीत नाव-पत्ता लिहून अंडी आणि केक उचलला, आणि लेस्टरला पोचल्यावर पाकिटात दहाची नोट घालून पाठवली. तीन पौंड जास्तच. ठेपल्यांबरोबर खाल्ला तो केक, गाडीतच. एक तुकडाही कॉटेजपर्यंत पोचला नाही.

ओबनमार्गे

म्हणजे ‘एक पौंडही न घालवता’ हे खोटं होतं.

घाटावरचा

खर्च मलवर केला नाही. लेस्टरच्या पोस्टात केला.

डॉ_खवचट

वा! आणि बेचव?

घाटावरचा

केक वगळून.

अंबाडीची_भाजी

अंड्याचा केक. असो.

आत्या_अ‍ॅबर्डीनकर

त्या बाईला नोट मिळाली असेल ना रे? अशी पत्रं त्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवलेली पाहिली आहेत मी.

ओबनमार्गे

तुमचं सहा जणांचं गणित मला मान्य आहे, तेवढं मान्य करून टाकतो. सहा जणांना रोज बाहेर खाणं मलाही झेपलं नसतं. पण तांदूळ-डाळ आणलीत ते ठीक, अंडी, ब्रेड, दूध, बटाटे तरी तिथल्या दुकानातून घ्यायचे होते. कुकर तुमचा, बटाटे त्यांचे.

घाटावरचा

बटाटे लेस्टरचेच होते. पुढच्या मे महिन्यात सासरची मंडळी येताहेत, पुन्हा तिकडेच चाललोय. कुकर येणारच, त्यावर चर्चा नाही. ती माशांची गाडी किती वाजता बंद होते?

जहाजी_मालवणी

वेळा बदलतात. अंधार व्हायची वाट बघू नका, सहाच्या आत जा. वारा लागेल अशा जागी उभे राहा, नाहीतर मिज चावून खातील, ती चिलटं कुकरनेही मरत नाहीत.

अंबाडीची_भाजी

आणि कशात तळतात ते विचारा. विचारून इथे लिहा. मी वाट बघतेय.